मनाई स्वस्त, काळजी महाग

दिवाळी अंक घरोघरी पोचतात त्याच दिवसांत माजलगावच्या रस्त्यांवर उसाची वाहने उतरतात. कल्याणहून निघून नगर, पाथर्डी, परभणी, नांदेड करत निर्मलकडे जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या गावातून जातो. केज, धारूर, तेलगावकडून येऊन परतूरकडे निघालेला ५४८-सी हा दुसरा महामार्गही इथेच भेटतो. तेलगावचा लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना, पवारवाडीचा जय महेश, यांचे गळीत सुरू झाले की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागचा दिवा असला तर असला, आणि डेकवर मोठ्याने लावलेले गाणे, अशी वर्दळ रात्रभर चालते. त्याच रस्त्यावर दिवसा मोटारसायकलवाल्याला अडवून हेल्मेट विचारले जाते. चलन मोबाइलवर येते आणि गडी वैतागून म्हणतो, डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल, सरकारचं काय जातंय?

सुरक्षेच्या नियमांचा अतिरेक झाला आहे का, हा प्रश्न आता सगळीकडेच विचारला जातो. शाळेची सहल नको, झाडावर चढणे नको, विहिरीजवळ जाणे नको. मोठ्यांच्या मागे हेल्मेट, सीटबेल्ट, परवानग्या, हमीपत्रे. घरातले आजोबा सांगतात की आम्ही विहिरीत उड्या मारल्या, एसटीच्या टपावर बसून गेलो, बैलगाडीला लोंबकळलो, काय झाले आम्हाला? ज्यांना काही झाले ते हे सांगायला उरले नाहीत, एवढे सोडले तर आजोबांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पडल्याशिवाय मूल सावरायला शिकत नाही, आणि प्रत्येक पावलाला परवानगी मागणारा माणूस पुढे कुठल्याच प्रसंगात स्वतःच्या डोक्याने निर्णय घेत नाही.

पण हा प्रश्न पुण्या-मुंबईत बसून विचारणे आणि माजलगावात उभे राहून विचारणे यांत फरक पडतो. इथे एकाच माणसाच्या वाट्याला नियमांचा जाचही येतो आणि नियमांचा दुष्काळही. एकच बाई मोटारसायकलवर मागे बसली तर तिच्या डोक्याची काळजी कायदा करतो, आणि तीच बाई उसाच्या मोळीवर बसून ट्रॉलीतून निघाली की कायदा मान फिरवतो. म्हणून नियम किती आहेत हे मोजत बसण्यापेक्षा ते कोणावर येऊन पडतात हे पाहायला हवे.

पाण्याजवळ

सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले. १९८७ मध्ये ते पूर्ण झाले. पैठणहून निघालेला उजवा कालवा या जलाशयात येऊन मिळतो आणि धरणाची साठवण क्षमता सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर आहे. माजलगाव आणि बीड या दोन्ही शहरांना पिण्याचे पाणी इथून जाते. या पाण्याने तालुक्यात ऊस आणला, उसाने कारखाने आणले. त्याबरोबर एक गोष्ट न मागता आली. ज्या मुलखाला गुडघाभर पाण्याची सवय होती, त्याच्या दाराशी खोल पाणी आले.

सप्टेंबर २०२२ मध्ये या जलाशयात पोहायला उतरलेले एक डॉक्टर बुडाले. शोधकार्यासाठी कोल्हापूरहूनही बचाव पथक आले आणि शोध घेताना त्या पथकातल्या एका जवानाचा मृत्यू झाला. एका मृत्यूचे दोन मृत्यू झाले, आणि दुसरा मृत्यू पाण्यातले काम हाच ज्याचा अभ्यास अशा माणसाचा होता.

अशा घटनेनंतर आपल्याकडे काय होते ते ठरलेले आहे. धरण असो, कालवा असो की तलाव, ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक लागतो. फलकाला एकदाच खर्च येतो. जीवरक्षकाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. शिवाय फलक लागला की जबाबदारी संपते: मनाई असताना उतरला, त्याचा तोच. देशात २०२२ या एका वर्षात बुडून मेलेल्यांची नोंद ३८ हजारांच्या वर आहे. नदीकाठ आणि बंधारे मनाईच्या पाट्यांनी भरलेले असताना हा आकडा आहे.

शाळांच्या बाबतीत हीच रीत आणखी ठळक दिसली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण खात्याकडून सहलींसाठी अटींची लांबलचक यादी आली. समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, उंच टेकड्या अशा ठिकाणी नेऊ नये, हा तिचा रोख. दुर्घटना भयंकर होती आणि काही तरी करणे भागच होते. पण जे झाले त्यातून एकाही मुलाला पोहता येऊ लागले नाही. अपघाताची सगळी जोखीम मुख्याध्यापकाच्या सहीवर आल्यावर मुख्याध्यापक काय करणार? सहल रद्द करणार, किंवा कुठल्या तरी बागेत नेऊन संध्याकाळी परत आणणार. शालेय सहलींसाठी एसटी निम्म्या भाड्यात मिळते. शहरातली मुले पुढे आईबापांबरोबर कोकणात जातातच. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला समुद्र पाहण्याची ही स्वस्त सहल हीच एक संधी होती.

मराठवाड्यात मुले पोहायला कशी शिकत आली, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर नेऊन कमरेला आधी वाळका भोपळा, पुढच्या काळात पत्र्याचा रिकामा डबा किंवा प्लास्टिकचा कॅन बांधायचा, दोराचे टोक काकाच्या किंवा मामाच्या हातात आणि मूल पाण्यात. चार दिवसांनी डबा अर्धा सैल, मग नुसता दोर, मग काहीच नाही. यात सुरक्षेचा विचार नव्हता असे कोण म्हणेल? धोका टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची ती पद्धत होती, आणि तिचा कणा एक जाणता माणूस होता. पुढे विहिरी आटल्या, त्यांची जागा बोअरने घेतली, काका कारखान्यावर गेला आणि मामा पुण्याला. शिकवणारा माणूस गेला आणि पाणी मात्र धरणाच्या रूपाने वाढले.

बोअरचा विषय निघालाच आहे तर एका चांगल्या नियमाचीही गोष्ट सांगायला हवी. हरियाणात २००६ मध्ये एक लहान मुलगा उघड्या कूपनलिकेत पडला आणि सारा देश दूरचित्रवाणीसमोर खिळून बसला. पुढे फेब्रुवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. बोअर घेण्याआधी कळवा, काम चालू असताना कुंपण आणि फलक लावा, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधा, तोंड झाकणाने बंद करा, सोडून दिलेले बोअर तळापासून बुजवा. चांगला नियम कसा असावा याचा हा नमुना आहे. तो पडणाऱ्या मुलाला काहीच सांगत नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला पाटी वाचता येत नाही. तो जमीनमालकाला आणि बोअर पाडणाऱ्याला सांगतो. मराठवाड्यात पाणी न लागलेली बोअर शेतोशेती आहेत आणि अनेकांच्या तोंडावर एखादा दगड किंवा पोते टाकून काम भागवलेले असते. या नियमाला कोणी जाचक म्हणत नाही, कारण तो अजून बऱ्याच ठिकाणी पोचलेलाच नाही.

मनाई जिथे शक्यच नाही अशी एक जागा याच तालुक्यात आहे. गोदाकाठचे पुरुषोत्तमपुरी. यादव राजा रामचंद्रदेवाचा १३१० सालचा ताम्रपट या गावाच्या नावाने ओळखला जातो. धोंड्याच्या महिन्यात इथे महिनाभर जत्रा भरते आणि लोक गोदावरीत स्नान करतात. तिथे ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी लावण्याचे धाडस कोण करील? स्नानासाठीच तर लोक येतात. तेव्हा प्रशासनापुढे एकच वाट उरते: पाणी कुठे उथळ आहे ते दाखवणे, दोर बांधणे, होडी आणि पट्टीचे पोहणारे हजर ठेवणे. मनाई करता येत नाही तिथे व्यवस्था करावीच लागते. जिथे मनाई करता येते, तिथे मात्र व्यवस्था सुचत नाही.

बांगलादेशाने हा धडा आपल्याआधी घेतला. तिथे लहान मुले बुडण्याचे प्रमाण मोठे, आणि तळी तर दारोदार. तळ्याला मनाई करून भागणार नव्हते. म्हणून गावातच एका घरी सकाळपासून दुपारपर्यंत, म्हणजे आई कामात असते त्या वेळेत, लहान मुलांना सांभाळणारी ‘आंचल’ केंद्रे सुरू झाली आणि मोठ्या मुलांना गावच्या तळ्यातच पोहायला शिकवले गेले. हा उपाय लागू पडतो हे दिसल्यावर २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ८ हजार केंद्रांत २ लाख मुले सांभाळण्याचा आणि ३ लाख ६० हजार मुलांना पोहणे शिकवण्याचा प्रकल्प मंजूर केला. त्या देशाकडे आपल्याहून जास्त पैसा आहे असे नाही.

डोके कोणाचे, रस्ता कोणाचा

हेल्मेटचा वाद महाराष्ट्रात पुण्याने गाजवला. १ जानेवारी २०१९ पासून तिथे सक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि हेल्मेटविरोधी कृती समितीने आंदोलने केली. शहरात वाहने रांगतच चालतात, मान दुखते, हेल्मेट चोरीला जाते, असे मुद्दे होते. त्यातला खरा मुद्दा एकच: सज्ञान माणसाने स्वतःच्या जिवाचा धोका पत्करावा की नाही हे सरकारने का ठरवावे?

या प्रश्नाला उत्तर आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली ५० हजार २९ दुचाकीवर बिनहेल्मेटची होती. डोके एकट्याचे असले तरी त्यामागे घर असते, पोरे असतात, उपचारासाठी विकावी लागणारी जमीन असते. हेल्मेटचा त्रास थोडा आणि त्यातून वाचते ते फार. तेव्हा हा नियम अतिरेकी नाही, आणि माजलगावच्या चौकात चिडलेल्या गड्याने ते डोक्यावर घालावेच.

तरी त्याच्या चिडण्यात एक रास्त गोष्ट आहे. त्याच्याकडून हेल्मेट मागणाऱ्या यंत्रणेने त्याला रस्ता काय दिला? धारूरच्या घाटाच्या रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. उसाच्या ट्रॉलीला परावर्तक पट्टी लावणे हाही नियमच आहे. दर हंगामात परिवहन खाते किंवा पोलिस पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात, फोटो निघतात, आणि काळोखात बंद पडून उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळल्याची बातमी तरीही येतेच. मेलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, एवढीच नोंद होते. ट्रॉलीला दिवा का नव्हता, ती काट्यावर आत घेताना कारखान्याने पाहिले का, हे विचारले जात नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे गेला आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड ठेवला. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना पट्ट्याने बांधावे, हेल्मेट घालावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेऊ नये, असा नियम २०२२ मध्ये आला. कागदावर दोन्ही नियम योग्यच. पण खेड्यातून कॉलेजला येणाऱ्या पोराची बस वेळेवर येत नसेल तर? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्र जीपमध्ये कोंबून आणि दुचाकीवर तिघे-चौघे बसून फिरला. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, ही या राज्यातली सर्वांत चांगली सुरक्षा योजना म्हणावी लागेल, जरी तिला कोणी सुरक्षा योजना म्हणत नाही. वेळेवर येणारी बस जेवढे जीव वाचवील तेवढे पालकाला दाखवलेला तुरुंग वाचवणार नाही.

थर आणि वय

लहान आणि मोठे यांत फरक कुठे करावा, यावर महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेलेला वाद म्हणजे दहीहंडी. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची २० फुटांवर नेऊ नये आणि १८ वर्षांखालच्यांना थरात घेऊ नये, असा आदेश दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंधने सैल करायला नकार दिला. तेव्हा निषेध म्हणून दादरला गोविंदांनी रस्त्यावर आडवे झोपून थर लावले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना मात्र मनाई कायम ठेवली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदांना विम्याचे कवच दिले.

तीन वर्षांच्या त्या ओढाताणीतून जे निघाले ते बऱ्यापैकी शहाणपणाचे आहे. मोठ्या माणसाने किती उंच चढावे हे त्याने ठरवावे. सर्वांत वरच्या थरावर हलके म्हणून चढवले जाणारे दहा वर्षांचे पोर मात्र स्वतः ठरवत नसते, त्याच्या वजनाने मंडळ ठरवते. स्पेनमधल्या कातालोनियातही माणसांचे असेच मनोरे रचतात आणि तिथेही टोकाला मूलच चढते. २००६ मध्ये तिथे एका मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यांनी मनोरे बंद केले नाहीत. वर चढणाऱ्या मुलांसाठी खास मऊ हेल्मेट तयार करून घेतले आणि ते सगळ्या पथकांत रूढ केले. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. खेळ, परंपरा आणि जीव ही तिन्ही राखता येतात, पण त्यासाठी बंदीपेक्षा जास्त डोके चालवावे लागते.

कारखान्याच्या गेटबाहेर

आता माजलगावच्या मूळ प्रश्नाकडे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राला जाळी, कामगाराला पिण्याचे पाणी, तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर, असे पुष्कळ काही दिले. साखर कारखान्याच्या गेटच्या आत हे सारे लागू होते. त्याच कारखान्यासाठी गेटबाहेर ऊस तोडणारी टोळी मात्र कारखान्याची कामगारच नव्हती. ती मुकादमाची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामाआधी घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत फडात राबायचे. पहाटे थंडीत पोर कोपीतून उचलून फडाच्या कडेला पाचटावर झोपवायचे. ट्रॅक्टर मागे घेताना अशा पोरांवर चाक गेल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. पाळणाघराचे कलम जिथे सर्वांत जास्त हवे होते तिथपर्यंत ते आलेच नाही.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होते आणि ते माजलगावसारख्या कापसाच्या मुलखाला लागू पडणारे होते. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस सोडवणारे यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रिया आणि मुले यांना कामाला ठेवायचे नाही. मुलांबद्दल वाद नाही. पण बाईला बाहेर काढल्याने यंत्र सुरक्षित झाले का? पुरुषाचा हात त्यात जात नाही का? यंत्र सुधारण्याऐवजी माणूस हटवणे ही संरक्षणाच्या नावाखाली चालणारी जुनी सोपी वाट आहे, आणि तिच्यात बाईचा रोजगार तेवढा जातो.

फडात नियम नाहीत असे मात्र नाही. तिथला सर्वांत कडक नियम म्हणजे खाडा. एक दिवस काम चुकले की उचलीत पैसे वाढतात. पाचशे रुपये आणि त्याहून जास्तही कापले जातात. पाळीच्या दिवसांतही सुटी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी तरुण वयात गर्भपिशव्या काढून घेतल्याचे २०१९ मध्ये देशभर गाजले ते याच्याशी जोडलेले होते. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

त्यानंतर जिल्ह्यात नियम आला: खासगी रुग्णालयाने गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. सज्ञान बाईच्या शरीराबद्दल सरकारी डॉक्टरची परवानगी, म्हणजे वरवर पाहता अतिरेकच. पण हा नियम बाईवर नव्हे, पैशासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर रोखलेला आहे, म्हणून तो समर्थनीय ठरतो. त्यातही एक उणीव राहते. जिला खरोखर गरज आहे तिला बीडच्या फेऱ्या माराव्या लागतात, आणि खाडा मात्र जागच्या जागी आहे. डॉक्टरला चाप लागला, मुकादमाला नाही. जिच्या पोटदुखीला सुटी नाही, तिला परवानगीचा कागद काय वाचवणार?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हाच विरोधाभास उघडा पडला. घरी राहा, सुरक्षित राहा, असे सारा देश ऐकत होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांत अडकलेल्या तोडणीवाल्यांचे घर म्हणजे परक्या रानातली पाचटाची कोपी. सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उजाडला. नियम बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भिंती आणि दार असलेले घर होते.

१८९१ पासूनचा वाद

मुलांच्या रक्षणासाठी कायदा घरात किती शिरावा, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाहाविरुद्ध टिपणे काढली आणि मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. टिळकांचा विरोध परक्या सरकारने आपल्या सामाजिक बाबतीत हात घालण्याला होता. आगरकर ‘सुधारक’मधून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले, १९७८ मध्ये ते १८ झाले. आज बारा हे वय वाचून आपल्याला शहारे येतात. त्या काळी तो अतिरेकी हस्तक्षेप वाटत होता. मुलांच्या बाबतीत आजचा अतिरेक उद्याची किमान मर्यादा ठरू शकतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पण कायदा होऊन इतकी वर्षे गेल्यावरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आईबापांना विचारले तर ते जे कारण देतात ते सुरक्षेचेच असते. आम्ही सहा महिने ऊस तोडायला, वयात आलेली पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न करून दिले की जबाबदारी उतरली. शिवाय जोडीला कोयता मिळतो, एकटीला मिळत नाही. काळजीपोटी घातलेले बंधन मुलीचे सारे आयुष्य कसे गिळते याचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही.

इथे कायदा मागे घेण्याचा प्रश्नच नाही. कायद्यामागे जे उभे असायला हवे ते उभे नाही, हा प्रश्न आहे. संत भगवानबाबा यांच्या नावाने राज्यात ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे मंजूर झाली, प्रत्येकी शंभर मुलांची. म्हणजे पूर्ण भरली तरी ८ हजार २०० जागा. एकट्या बीडमधून दरवर्षी लाखो माणसे तोडणीला जातात. बालविवाह रोखायला मांडवात जाणारे पोलिस हवेतच, पण दसऱ्याच्या आधी उघडलेले वसतिगृह मांडवच पडू देणार नाही.

माकडांची गोष्ट

भीती कशाची वाटते आणि जीव कशाने जातो, यांत किती अंतर असते हे माजलगाव तालुक्यानेच २०२१ मध्ये जगाला दाखवले. लऊळ गावात माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत आणि ती पडून मरत. डिसेंबरमध्ये वन विभागाने दोन माकडे पकडून नेली. तोवर मेलेल्या पिल्लांचा आकडा बातम्यांत अडीचशेपर्यंत गेला होता, ‘माकडांचा सूड’ परदेशी माध्यमांतही झळकला, आणि गावात मुलांना बाहेर पाठवायला लोक घाबरू लागले. त्याच डिसेंबरात त्याच तालुक्यातल्या रस्त्यांवरून बिनदिव्याच्या ट्रॉल्या रोज जात होत्या. त्यांची बातमी जगभर गेली नाही. नियम बहुधा गाजलेल्या घटनेनंतर होतात, आणि रोजची घटना गाजत नाही.

मग अति काय आणि कमी काय?

मनाया फार झाल्या आहेत आणि राखण फार कमी आहे, हे माजलगावकडे पाहून म्हणता येते. नियम योग्य की अतिरेकी हे ठरवायला तीन गोष्टी पुरतात. धोका ज्याने निर्माण केला त्याच्यावर नियम पडतो, की धोक्यात सापडलेल्यावर? मनाईबरोबर पर्याय दिला आहे का? आणि ज्याच्यावर बंधन येते तो मूल आहे की सज्ञान माणूस, आणि सज्ञान असला तर त्याला खरोखर निवड होती का? या कसाला बोअरच्या झाकणाचा नियम टिकतो, हेल्मेटचा टिकतो, हंडीतल्या वयाचा टिकतो. सहलींवरच्या अटी टिकत नाहीत, धरणावरचा नुसता फलक टिकत नाही, आणि फडातला खाडा तर कोणत्याच न्यायाने टिकत नाही.

यंदाच्या हंगामासाठी मागण्या साध्या आहेत. पट्टी आणि मागचा दिवा नसलेली ट्रॉली कारखान्याने काट्यावर घेऊच नये. एका आठवड्यात सगळ्या ट्रॉल्यांना दिवे लागतील. प्रत्येक मोठ्या टोळीमागे फडावर एक सावली, एक पाण्याची टाकी आणि पोरे सांभाळणारी एक बाई असावी, आणि तिचा पगार कारखान्याने द्यावा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण आहेच. तो पैसा फडापर्यंत पोचावा. धरणावर फलकाशेजारी गावातलेच दोन पट्टीचे पोहणारे पगारावर ठेवावेत, आणि उन्हाळ्यात त्यांनीच शाळेच्या पोरांना पोहायला शिकवावे. मुलींची वसतिगृहे टोळ्या निघण्याच्या आधी उघडावीत, नंतर नव्हे.

आणि वाचकांसाठी एक विनंती. दिवाळीनंतर रात्री या रस्त्यांनी जाल तेव्हा हेल्मेट घालाच. पण पुढच्या ट्रॉलीला दिवा दिसला नाही तर तिचा क्रमांक टिपून पोलिसांना आणि कारखान्याला कळवा. आपल्या डोक्यावर बंधन घालून घेण्यात कमीपणा मानू नका, आणि ज्याच्यामुळे ते बंधन घालावे लागते त्याला मोकळे सोडू नका.